हलकी पाती

धनुष्य अर्ध्यावरच अडलं. हेमलताताईंचा खांदा थरथरला आणि बाण दोरीवरून गळून गवतात पडला. खांद्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर खिडकीच्या गजाला बांधलेलं रबर त्या रोज ओढत आल्या होत्या, ते काय यासाठी?

शाळेपासून त्यांच्यासोबत तिरंदाजी करत आलेल्या कालिंदीने धनुष्य हातातून घेतलं, त्याच्या मुठीच्या वर-खाली बसवलेली जड पाती उतरवली आणि कमी जोरात वाकणारी हलकी चढवली.

“ही तर शिकाऊ पोरींची पाती,” हेमलताताई पुटपुटल्या.

“ओढून तर बघ. आणि नेम वर धर, त्या कडुलिंबाच्या शेंड्यावर. नाहीतर बाण मधेच पडेल.”

दोरी अलगद हनुवटीखाली येऊन टेकली. किती दिवसांनी. त्यांनी बोटं सैल सोडली.

आपला बाण जाताना त्यांनी जन्मात कधी पाहिला नव्हता. बोटं सुटायची आणि लगेच लांबून टप्प आवाज यायचा, एवढंच. हा बाण मात्र सावकाश वर चढला. कोवळ्या उन्हात माशासारखा शेपूट हलवत कडुलिंबाच्या उंचीला गेला, तिथे जरासा रेंगाळला आणि मनात येईल तेव्हा उतरावं तसा पलीकडे झुकला.

“कुठे लागला गं? माझा चष्मा गाडीत राहिलाय,” कालिंदीने विचारलं.

हेमलताताईंनी निशाण्याकडे पाहिलंच नव्हतं.

“थांब,” दुसरा बाण दोरीला लावत त्या म्हणाल्या, “अजून एकदा बघू दे.”