पहिल्या तारखेचं सूप

एक जानेवारीला पिरोश्काने टेबलावर कोंबडीचं सूप ठेवलं आणि तिचा नवरा नांदोर भडकलाच.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आज अख्खा हंगेरी डुक्कर खातोय! डुक्कर नाकाडाने पुढे उकरत जातं, नशीब पुढे नेतं. कोंबडी पायाने सगळं मागे लोटते. शेंबड्या पोरालाही माहीत आहे हे!"

"मलाही माहीत आहे. डुकराचं मटण फ्रीजमध्ये पडलंय. कोंबडी मी मुद्दाम केली."

टीव्हीवर कुणी अर्थतज्ज्ञ नवं वर्ष कसं जाईल ते सांगत होता. जर्मनीत गाड्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून इथले सुट्या भागांचे कारखाने बंद पडणार. निवडणुकीत कुणीही आलं तरी तिजोरी रिकामीच. शेजारच्या देशातलं युद्ध काही थांबत नाही. नांदोरच्या कारखान्याला तर नाताळाआधीच टाळं लागलं होतं.

"ऐकलंस ना? जायचंय तुला पुढे?" पिरोश्का म्हणाली. "मागे निदान तुझी नोकरी होती. पोरगा परदेशी गेला नव्हता, याच टेबलावर जेवत होता."

नांदोरने टीव्ही बंद केला. खुर्ची ओढून बसला आणि वाडगा पुढे केला.

"मग दोन्ही पाय मलाच वाढ. नखं काढली नाहीस ना?"