बिस्मथची काडतुसं

बदकाला काहीही झालं नाही. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण बदक अजून यायचंय.

रेडमंडहून दोन तासांवरच्या पाणथळीत, ओल्या गवतात गुरुनाथ आणि त्याच्या ऑफिसातला सत्यजित दबा धरून बसले होते. सोमवारी गुरुनाथची सिटिझनशिपची मुलाखत होती. त्याआधी एकदा तरी अमेरिकन माणसासारखं काही करावं, ही कल्पना सत्यजितची. लायसन्स दोघांकडे होतं, बंदूक एकच. सत्यजितने लिलावात घेतलेली, सव्वाशे वर्षांची, दुनळी.

नियमांचे प्रिंटआउट गुरुनाथने आणले होते. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, शिकार करताना जवळही बाळगायचे नाहीत. स्टीलचे चालतात, पण इतक्या जुन्या नळीला ते सोसत नाहीत. म्हणून नियमात बसणाऱ्या, स्टीलपेक्षा मऊ अशा बिस्मथ धातूची महागडी काडतुसं त्याने स्वतः ऑर्डर केली. वर सत्यजितचे खिसेही तपासले.

"यार, तू शिकारीला आलायस की एअरपोर्टवर ड्यूटीला?"

"मुलाखतीच्या तोंडावर माझ्या नावावर काही नको," गुरुनाथ म्हणाला, आणि खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यात सोडलेलं प्लास्टिकचं बदक कलंडलं होतं, ते सरळ करायला पुढे गेला.

तेवढ्यात खरी बदकं आली. सत्यजितने घाईने बंदूक फिरवली, त्याचा पाय चिखलात घसरला आणि दोन्ही बार गुरुनाथच्या बुडाला लागले. अंतर बरंच होतं, म्हणून निभावलं.

ओरडा ऐकून शिकार खात्याच्या इन्स्पेक्टरबाई आल्या. पालथ्या गुरुनाथने त्यांना आधी लायसन्स दाखवलं, मग जखम. सत्यजितने मान खाली घालून कबूल केलं की बंदुकीबरोबर दोन जुनी काडतुसं मिळाली होती. पहिला बार तरी ओरिजिनल व्हावा म्हणून तीच भरली होती. शिशाची.

"मॅडम, सगळा दोष याचा आहे," गुरुनाथ म्हणाला. "माझ्याकडे शिसं नाही."

बाईंनी अँब्युलन्स बोलावली आणि सत्यजितची झडती घेतली. निघाल्या दोन रिकाम्या पुंगळ्या. बंदी पाणपक्ष्यांवर शिसं झाडायला आहे, त्यांनी शांतपणे समजावलं, आणि गुरुनाथ काही पाणपक्षी नव्हता. शिकार करताना शिसं जवळ बाळगल्याची पावती मग त्यांनी ज्याच्याजवळ ते सापडलं, त्याच्याच नावाने फाडली.

हॉस्पिटलात पालथं पडून गुरुनाथने खात्याला अर्ज लिहिला: "माझ्या ताब्यातील सतरा छर्रे पूर्वलक्षी प्रभावाने मूळ मालकाच्या नावे हस्तांतरित करण्यात यावेत, ही नम्र विनंती."