पेन्सिलची फुली

पुस्तकाची पानं संगणकावर लावताना कोणता टॅग, म्हणजे संगणकाला द्यायची सूचना, काय करतो, हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकेत ‘तक्ता अखंड ठेवा’ या टॅगसमोर आधी हे काम करणाऱ्या काकांची पेन्सिलची फुली होती. काकांच्या निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी फुली म्हणजे धोका समजून छापखान्यात त्या टॅगला कुणी हात लावला नव्हता. आज औषधांच्या पुस्तकात तक्ता तुटला. औषधाचं नाव एका पानावर, मुलांचा डोस दुसऱ्यावर. दुपारी छपाई होती. काकांच्या जागी आलेल्या ताईने फुलीशेजारचा मजकूर तीनदा वाचला, जीव मुठीत धरून टॅग लावला. तक्ता एका पानावर आला. बिघडलं काहीच नाही. तिने काकांना फोन केला. “या टॅगने काय घोळ व्हायचा?” “घोळ कसला गं? कळलं नव्हतं मला. नंतर वाचू म्हणून फुली मारली, राहूनच गेलं.” तिने फुली खोडली, पान उलटलं. पुढची फुली तिचीच होती. त्यापुढचीही.