पुढची ओळ

दुसऱ्यांचे देव शिकून पोरगी हातची जाईल, हे वडिलांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून कॉलेजात तिचा 'धर्मांचा अभ्यास' हा विषय बदलून घ्यायला ते तिला घेऊन निघाले, तर ऑफिसला जाणारी लिफ्टच मध्ये अडकली. दिवेही गेले.

लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या एक परधर्मी आजी घाबरून त्यांची प्रार्थना पुटपुटू लागल्या आणि अर्ध्यावरच अडखळल्या. लेकीने पुढची ओळ म्हटली, मग त्याच्या पुढची. आजींची धाप हळूहळू कमी झाली. अंधारात वडिलांनी तिचा हात गच्च धरला होता, ती पकडही सैल झाली.

दिवे आले. दार उघडलं.

"आमच्यातलीच ना गं तू?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. वर्गात शिकले."

वडिलांनी तिचा हात सोडला आणि मनगट पकडलं.

"चल. ऑफिस बंद होईल."