उलट्या बाह्या

"हा शर्ट कुणी घालायचा? ज्याचं तोंड पाठीला आहे त्याने?" मुकादमबाईंनी शर्ट सगळ्यांसमोर झटकला. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. एकच नाही, सकाळपासूनचे सगळे शर्ट तसेच!

शिलाईच्या त्या कारखान्यात दोघी जावा शेजारी बसायच्या; धाकटी बाह्यांचे गठ्ठे पुढे करायची आणि थोरली त्या शर्टाला जोडायची. देताना "डावी", "उजवी" असं मोठ्याने सांगायची पद्धत. पण परवा एका पुढाऱ्याला भर सभेत गोळी घालून मारलं, आणि बातमी ऐकताच धाकटी बोलून गेली, "बरं झालं." थोरली त्या पुढाऱ्याला फार मानायची. झालं, दोघींचा अबोला. आता भोगा.

"उद्या माल जायचाय. उसवा सगळं," बाई म्हणाल्या.

एकीने कापड ताणून धरायचं, दुसरीने टाके कापायचे. एकट्याने ओढलं तर शिवणीपाशी फाटतं. बसल्या बिचाऱ्या गुडघ्याला गुडघा लावून.

"माणूस मेला गं," थोरली शेवटी म्हणाली.

"चुकलंच माझं, ताई. त्याचं बोलणं मला आजही पटत नाही. पण टीव्हीवर त्याची लेक रडताना दिसली आणि घास उतरेना."

थोरलीने पदराने डोळे पुसले. राग काही पुरता गेला नव्हता. तरी हळूच म्हणाली, "संध्याकाळी मोर्चा आहे. आमचा पोरगा काठी घेऊन जाणार म्हणतोय."

धाकटीचे हात थांबले. "आणि आमचे हे चौकात अडवायला उभे राहणार आहेत."

सख्खा काका आणि पुतण्या!

थोरलीने लगेच मुलाला फोन लावला. "कारखान्यात ये. ढीगभर शर्ट उसवायचेत, नाहीतर आईची नोकरी गेलीच म्हणून समज." धाकटीने नवऱ्याला तेच सांगितलं, फक्त जरा जास्त रडून.

दोघे आले. एकमेकांना बघून दारातच फुगले. पण आईपुढे आणि बायकोपुढे कोणाचं चालतंय? एका शर्टाच्या दोन बाजूंना बसले. पोरग्याने कापड धरलं, काकाने टाके कापायला घेतले.

मग रस्त्यावरून घोषणा ऐकू येऊ लागल्या. पोरगा अर्धवट उठला.

काकाने टाक्यांवरून नजर हलवली नाही. "सोडू नकोस रे," तो म्हणाला, "फाटेल."

पोरगा दाराकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि त्याने बाही ताणून धरली.