जावेच्या नावावर

गोदामात दोघी जावा शेजारी उभ्या राहून खोकी भरायच्या. धाकटीला दिवस गेले, तशी थोरली आपण भरलेली निम्मी खोकी गुपचूप तिच्या नावावर चढवू लागली.

तीन महिन्यांनी साहेबांनी थोरलीला बोलावून संगणकावरचे आकडे दाखवले. "बाई, तुम्ही सगळ्यांत मागे आहात. काही कारण असेल तर सांगा, नाहीतर उद्यापासून काम बंद."

खरं सांगितलं असतं, तर दोघींचीही नोकरी गेली असती. काचेपलीकडे धाकटी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कारण कसलं, साहेब? हात थकले आता," थोरली म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. "तुमची जाऊ मात्र अशा दिवसांतही सगळ्यांच्या पुढे. तुमचं कामही आता तिच्याकडेच देतोय."