मोटर नसलेली पकड

परीक्षक महाशय, तुम्ही रोबो बघत नाही, तुमचा कागद बघता. “पकडीची मोटर कुठंय?” तुम्ही माझ्या भाचीला विचारलंत. “लागत नाही, सर.” तुम्ही हसलात. अहो, मी बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं लाद्या उचलतोय. लादीच्या वजनानंच माझा चिमटा आवळतो. पोर तो तासभर न्याहाळत बसली आणि म्हणाली, “मामा, चिमटा तुझ्यापेक्षा हुशार आहे!” मग तिनं रोबोला तसेच दोन पंजे बसवले. स्पर्धेत वेळ संपल्यावर सगळ्या रोबोंचे स्विच बंद झाले. इतरांच्या पकडी सैल पडून उचललेल्या काचेच्या बरण्या फुटल्या. तिची बरणी मात्र हवेतच राहिली. तुम्ही धावत जाऊन खाली हात धरलात. “काढा हात, सर. पडणार नाही,” ती म्हणाली. काढलात. नाही पडली. तरीही मोटरच्या रकान्यात शून्य लिहून तिला स्पर्धेबाहेर काढलंत. का? तिला उत्तर द्या.